पोटगीचं बिऱ्हाड

घरचं बिऱ्हाड हलवताना फार तर कपबशी फुटते. सरकारी खातं हललं की केस नंबर फुटतो, आणि त्याचे तुकडे मला तरी कुठल्याच फडताळात सापडलेले दिसत नाहीत.

कॅलिफोर्नियात मुलांच्या पोटगीची वसुली पूर्वी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, सरकारी वकिलाकडे, म्हणजे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीकडे असे. जिथे खुनाचे खटले, तिथेच दुधाचे पैसे! १९९९च्या कायद्यांनी हे काम नव्या चाइल्ड सपोर्ट खात्याकडे दिलं. ५८ काउंट्यांना मुदत १ जानेवारी २००३. वसुलीवरचे कर्मचारीही कायद्यानेच सोबत आले. पाटी नवी, चेहरे तेच.

अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यात अशा बदलाचा खरा घोळ पगारकपातीच्या आदेशात, म्हणजे बापाच्या कंपनीला पगारातून पोटगी कापायला सांगणाऱ्या कागदात होतो. त्यावर दोनच गोष्टी जिवाच्या: पैसे पाठवायचा पत्ता आणि केस नंबर. कंपनीने कापलेली रक्कम कामकाजाच्या ७ दिवसांत पाठवायची, पोटगी वाटणाऱ्या सरकारी केंद्राने ती कामकाजाच्या २ दिवसांत पुढे धाडायची. नवा आदेश निघाला आणि जुना रद्द करायचा राहिला, तर पगारपत्रक करणारा पापभीरू माणूस दोन्ही पाळतो. केंद्रीय कायद्याने कपातीला ५० ते ६५ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून बापाला चहापुरते तरी उरतात. चेकवर जुनाच नंबर असला तर रक्कम उचंत खात्यात, म्हणजे धनी न सापडलेल्या पैशांच्या खात्यात, जाऊन बसते. बाप म्हणतो दिले, खातं म्हणतं आले, आई म्हणते मिळाले नाहीत. तिघंही खरं बोलतात!

थकबाकीवर कॅलिफोर्नियात १० टक्के सरळव्याज. ५,००० डॉलरवर वर्षाला ५००. नोंदी उतरवताना हे ५०० मुद्दलात घुसले की पुढच्या वर्षी ५५० लागतात. थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली की पासपोर्टही अडतो.

आणि बापाला उशिराचं व्याज लावणारं हे राज्य स्वतः काय करत होतं? साऱ्या राज्याच्या पोटगीची एकच संगणकप्रणाली १९९७पर्यंत उभी करायची होती. तिला केंद्राची मान्यता मिळाली २००८ला. मधल्या काळात कोट्यवधी डॉलरचा दंड.

म्हणून जुन्या खात्याला कुलूप लागण्याआधी जमा रकमांचा शिक्क्यानिशी उतारा घ्या, मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवलेला. पगाराच्या पावत्या जपा. नव्या खात्यात बँकेचा तपशील पुन्हा भरलाय का, बघा. फोनवर "ते आता आमच्याकडे नाही" ऐकू आलं, तर "मग कोणाकडे?" याआधी "कुठल्या तारखेपासून?" असं विचारा. पैसे बहुधा त्या तारखेच्या आसपासच सांडलेले असतात.