पंख्याखाली बसून? एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं की कॉलेजात शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने पदवी हातात पडायच्या आत एक वर्ष तरी एनसीसी (राष्ट्रीय छात्रसेना) किंवा एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) केलंच पाहिजे. दोहोंपैकी कोणतं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण दोन्हींतून सुटका नसावी. त्यावर ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सक्ती घटनेत बसत नाही, १९६३ साली ती करून पाहिली आणि पाच वर्षांत गुंडाळली, मुलांचा अभ्यास बुडतो, मुलं मेंढरं होतात, सरकारचा पैसा जातो, आणि एनएसएस म्हणजे हातात झाडू धरून फोटो काढणं. मग शेवटी हे, जसंच्या तसं देते: “स्वतः पंख्याखाली बसून दुसऱ्यांच्या मुलांना उन्हात उभं करणं फार सोपं असतं, काकू. शिंदेशाही संपली, पण तुम्हा ग्वाल्हेरकरांची सरदारकी काही जात नाही.”

बाकीच्या मुद्द्यांकडे वळेन, पण आधी हे वाक्य.

काकू म्हटल्याचा मला राग नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमची अर्धी गल्ली मला काकूच म्हणते. पण एका तोंडाने काकू म्हणायचं आणि त्याच दमात जिच्याबद्दल काडीची माहिती नाही तिच्या आयुष्याचा निकाल लावून मोकळं व्हायचं, याला आमच्याकडे स्पष्टवक्तेपणा म्हणत नाहीत. मतभेद असू द्या. इथे माझ्याशी कडाडून भांडणारे वाचक आहेत आणि त्यांच्या प्रतिक्रियांची मी वाट बघते, कारण ते आधी लेख वाचतात. तुम्ही लेख वाचलात की नुसतं शीर्षक, हा प्रश्न मला दोनदा पडला.

सरदारकीचं म्हणाल तर आमच्या घरात ना जहागीर होती, ना पागा. आजोबा संस्थानच्या काळात मोतीमहालात कारकून होते आणि संस्थान विलीन झाल्यावरही कारकूनच राहिले. ग्वाल्हेरच्या मराठी घरांपैकी बहुतेक घरं अशीच: मास्तर, कारकून, भिक्षुक, वैद्य, गवई. महाराजबाड्यावरचे वाडे बघून जाणाऱ्याला सगळेच सरदार वाटत असतील, त्याला आम्ही काय करणार?

आता ऊन. मी कॉलेजात पाऊल ठेवलं त्या वर्षी एनसीसीत नाव घातलं. आजीने दोन दिवस अबोला धरला होता, कारण मुलीने मैदानावर जाऊन पाय आपटायचे हे तिच्या कल्पनेतही बसत नव्हतं. वडील काही बोलले नाहीत, फक्त बुटांना पॉलिश कसं करायचं ते त्यांनी दाखवलं. पुढे भूगोलाची प्राध्यापक झाले तेव्हा कॉलेजला मुलींच्या तुकडीसाठी असोसिएट एनसीसी ऑफिसर हवी होती. कुणीच तयार होईना, म्हणून मी हो म्हटलं. पुरुष अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण कामठीला होतं आणि बायकांचं आमच्या ग्वाल्हेरला, हे तुम्हाला ठाऊक आहे का? देशभरातून प्राध्यापिका आणि शिक्षिका इथे येतात. कुणी मणिपूरहून, कुणी केरळातून, कुणाचं मूल नुकतंच शाळेत जायला लागलेलं. मीही त्यांच्यातच राहिले, घर त्याच शहरात असून. पहाटे ‘फॉल इन’ची शिट्टी वाजली की तिशीतल्या बायका धावत मैदानावर जायच्या. तिथे पंखा नव्हता, स्पष्टवक्ते.

आणि ‘दुसऱ्यांची मुलं’ हे तर तुम्ही बोलायलाच नको होतं. माझ्या मुलीने तीन वर्षं एनसीसी करून ‘सी’ सर्टिफिकेट, म्हणजे त्यातलं सगळ्यांत वरचं, घेतलं. मुलाला परेडचा मनापासून कंटाळा, म्हणून त्याने एनएसएस घेतलं. ज्या दोन दारांबद्दल मी लेखात लिहिलं, त्या दोन्ही दारांतून माझीच मुलं गेली आहेत.

पण उन्हात उभं राहून मिळतं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. भिंड, मुरैना, दतियाकडच्या खेड्यांतून मुली आमच्या कॉलेजात यायच्या. खोलीत चार माणसं असली तर यांचं बोलणं ऐकायला कान पुढे करावा लागे, इतका आवाज बारीक. मराठी घरांतल्या आमच्या मुली तरी कुठे मोठ्याने बोलायच्या? मैदानावर मात्र वर्ड ऑफ कमांड द्यायला प्रत्येकीला पुढे यावं लागतं. आज्ञा दोन भागांत द्यायची असते. ‘परेऽऽड’ लांबवायचं, क्षणभर थांबायचं आणि मग ‘सावधान!’ असं तोडून टाकायचं, की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या शेवटच्या मुलीची टाच त्याच क्षणी जुळली पाहिजे. आवाज घशातून काढला तर फाटतो, पोटातून काढावा लागतो. पहिल्यांदा सगळ्याच हसतात. दुसऱ्यांदा एखादी रडते. उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारे सैन्यातले प्रशिक्षक, म्हणायचे, “बेटा, फिर से।” आणि मग एके दिवशी तोंडातून शब्द न फुटणाऱ्या त्या मुलीच्या आवाजावर शंभर जणी वळतात. माझ्या तुकडीतली भिंडकडची अशीच एक मुलगी पुढे आपल्या गावात रेशन दुकानदाराच्या मापाबद्दल चारचौघांत बोलली. ते तिने मला येऊन सांगितलं तेव्हा मला जे वाटलं ते मी इथे लिहीत बसत नाही.

तुम्ही म्हणता मुलं मेंढरं होतात. फायरिंग रेंजवर कधी गेला आहात? पॉइंट टू-टू रायफल असते. पालथं झोपून, दस्ता खांद्यात घट्ट रुतवून, श्वास रोखून पाच गोळ्या झाडायच्या. नेम मध्यावर लागला की नाही याहून पाचही छिद्रं किती जवळ पडली ते आधी बघतात. त्याला ग्रुपिंग म्हणतात. पण मी सांगते आहे ती त्यानंतरची गोष्ट. जितक्या गोळ्या दिल्या तितके रिकामे खोके, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची टरफलं, मोजून परत द्यायचे असतात. एकदा एक खोका कमी भरला. ट्रक उभा, मुली उपाशी, संध्याकाळ होत आलेली, आणि सगळ्या जणी वाकून वाळलेल्या गवतात बोटं घालून शोधताहेत. बऱ्याच वेळाने एक मुलगी पुढे आली. आठवण म्हणून तिने तो खिशात टाकला होता. उस्ताद तिला रागावले नाहीत. त्यांनी खोका घेतला, पुन्हा सगळे मोजले, रजिस्टरवर सही केली आणि म्हणाले, चला. त्या संध्याकाळी तिला आणि बाकीच्या सगळ्यांना जे कळलं ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकातल्या कुठल्या धड्याने कळलं असतं? सरकारी मालाचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो दिला नाही तर आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होतो, हे कळलेली मुलं मेंढरं नसतात. ती उद्या नगरपालिकेत जाऊन हिशेब मागणारी माणसं असतात.

एक मान्य करते. मे-जूनमधली शिबिरं ग्वाल्हेरसारख्या गावात नकोतच. इथे पारा ४५ च्या वर जातो आणि तंबूत दुपारी माणूस भाजून निघतो. शिबिरं ऑक्टोबर ते फेब्रुवारीत व्हावीत, परीक्षांचं वेळापत्रक त्याप्रमाणे लावावं. एवढा तुमचा उन्हाचा मुद्दा खरा आहे आणि तो मी उघडपणे मान्य करते आहे.

आता घटना. “मूलभूत अधिकार वाचा” असं तुम्ही मला सुनावलंत. वाचले आहेत. वेठबिगारीला बंदी घालणाऱ्या कलम २३ चा दुसरा खंड तुम्हीही वाचा. सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादायला राज्याला मुभा आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. अट एकच, धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेद करायचा नाही. आणि १९७६ साली आलेल्या कलम ५१-क मध्ये नागरिकाचं एक कर्तव्य असंही आहे की हाक आल्यावर देशाचं रक्षण करावं आणि राष्ट्रसेवा करावी. शिवाय मी सैन्यभरतीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. एनसीसीत गेलेल्या मुलावर सैन्यात जायचं बंधन पडत नाही. १९४८ च्या कायद्यापासून हे असंच आहे. ज्याला जायचं असेल त्याला ‘सी’ सर्टिफिकेटवर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीची, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, मुलाखत मिळू शकते, पण तो ज्याच्या त्याच्या मर्जीचा भाग झाला.

१९६३ बद्दल “इतिहास वाचा” म्हणालात. चीनच्या युद्धानंतर एनसीसी सक्तीची केली आणि १९६८ साली पुन्हा ऐच्छिक केली, हे खरंच आहे. पण तेव्हा दार एकच होतं. ज्याला परेड नको त्याला दुसरं काही नव्हतं, कारण एनएसएस जन्मालाच आलं नव्हतं. ते गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ च्या २४ सप्टेंबरला ३७ विद्यापीठांत सुरू झालं. त्याच्या दोन वर्षं आधी राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने हेच सुचवलं होतं की विद्यार्थ्याला एनसीसी आणि सेवा यांत निवड असावी. त्याही आधी, १९५९ साली, आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. शाळा संपवून कॉलेजात जाणाऱ्या मुलांना नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा असावी, असं त्या समितीने म्हटलं. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री राहिलेल्या माणसाने हे म्हटलं आहे. त्यांनाही तुम्ही पंख्याखालचे म्हणणार का? ती शिफारस खर्चाच्या कारणाने मागे पडली. खर्चाचं कारण तेव्हाही पुढे आलं, आजही तुम्ही तेच पुढे करता आहात. मी एका वर्षाच्या काही तासांबद्दल बोलते आहे.

अभ्यास बुडतो, या तुमच्या वाक्यावर फार लिहिण्यासारखं नाही. एनएसएसचे वर्षाला १२० तास असतात. सात दिवसांचं विशेष शिबिर बाजूला ठेवा आणि भागाकार करा, दिवसाला २० मिनिटंही पडत नाहीत. मोबाइलवर किती जातात ते प्रत्येकाच्या घरात ठाऊक आहे.

झाडू आणि फोटोचं म्हणाल, तर असं होतं. मीही पाहिलं आहे. एका कॉलेजात सात दिवसांच्या शिबिराचा अहवाल मुलं गावात जायच्या आधीच टाइप होऊन तयार होता. पण त्याला औषध, ते नीट करणं. माझा मुलगा गेला त्या दत्तक गावात मुलांनी हातपंपाशेजारी शोषखड्डे खणले होते: वर बारीक खडी, खाली मोठे दगड, मध्ये विटांचे तुकडे. दुसऱ्या पावसाळ्यात ते गाळाने भरले तेव्हा गावातल्या लोकांनी स्वतः उपसले. तो फोटो कुणी काढला नाही.

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांत कॅडेटांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांत हात लावला, रसद पोचवायला मदत केली. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत सज्ञान कॅडेट ‘योगदान’ मोहिमेत रस्त्यावर होते, रेशनच्या रांगा सांभाळत. तेव्हा मी निवृत्त होऊन घरात होते. हो, पंख्याखाली. पण रस्त्यावरच्यांत माझ्या विद्यार्थिनींच्या मुली होत्या.

शेवटचं, आणि यासाठीच खरं तर मी हे उत्तर लिहायला बसले. माझ्या लेखाखाली एका मुलीने दोन ओळी लिहिल्या होत्या. ती दुसऱ्या वर्षाला आहे, एनसीसी करते, आणि शिबिरात पहिल्यांदा घराबाहेर राहिले एवढंच तिने आनंदाने सांगितलं होतं. तिला तुम्ही ‘पढवलेला पोपट’ म्हणालात. माझ्याशी हवं ते बोला, माझी कातडी तेवढी जाड आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीला तिच्या स्वतःच्या अनुभवाबद्दल असं बोलायचा तुम्हाला काहीएक अधिकार नाही. तुमची बाकीची प्रतिक्रिया मी एक अक्षर न बदलता ठेवली आहे. ते एक वाक्य मात्र काल रात्री काढून टाकलं, आणि पुन्हा टाकलंत तर पुन्हा काढीन. तिची ‘बी’ सर्टिफिकेटची परीक्षा जवळ आली आहे, नकाशावाचनाबद्दल तिने काही विचारलं होतं. त्याचं उत्तर मी तिच्या प्रतिक्रियेखाली वेगळं दिलं आहे.