शिमग्यातला दरारा आणि शिपायाची पदवी

पोलीस शिपायांच्या शिक्षणाला महत्त्व द्यावं असं मी लिहिलं होतं; त्यावर आलेली तुमची प्रतिक्रिया बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. शिपायांच्या शिक्षणावर लिहिणाऱ्यांनी शिमग्यात तुमच्या गावी यावं. पालखीच्या मानावरून दोन वाड्या समोरासमोर आल्या की हवालदाराची डिग्री कुणी विचारत नाही, दरारा लागतो. शिवाय बारावीवर भरती होणाऱ्या गरिबांच्या पोरांची वाट मी बंद करायला निघालोय, असंही तुमचं म्हणणं.

आधी पोरांचं. भरतीला पदवीची अट घाला असं मी म्हणत नाही. कोकणात मंडणगडच्या आतल्या वाडीतल्या पोराने कॉलेजासाठी घर सोडायचं म्हणजे काय खर्च असतो, ते इथल्या कुणालाही सांगायला नको. बारावीची अट राहू दे. खात्यात आल्यावर शिकायला रजा द्या, फी द्या आणि बढतीच्या वेळी त्या शिक्षणाला वजन द्या. मुक्त विद्यापीठातून पदवी करणारे पोलीस आजही आहेत; फक्त गणपतीचा बंदोबस्त आणि पेपर एकाच दिवशी आला की पेपर बुडणार हे ठरलेलं. इंग्लंड-वेल्समध्येही पदवीशिवायचा भरतीमार्ग बंद व्हायचा होता, तो 2022 मध्ये सरकारने चालू ठेवला. हा दाखला तुमच्या बाजूचा आहे, खुशाल वापरा.

आता दरारा. पदवीधर पोलीस जास्त कर्तबगार असतो, असा सरसकट दावा करायला आधार नाही. अमेरिकेत रायडबर्ग आणि टेरिल यांनी 2010 मध्ये दोन शहरांतल्या पोलिसांचा अभ्यास मांडला. कॉलेज केलेल्यांच्या आणि न केलेल्यांच्या अटकेत, झडतीत फरक दिसला नाही. बळाचा वापर मात्र शिकलेल्यांकडून कमी झाला. आता शिक्षणाने हात आवरला, की मुळात शांत डोक्याचीच पोरं कॉलेजात गेली, हे वेगळं काढणं कठीण. तरी माझ्या दृष्टीने हा फरक लहान नाही. लॉकअपमध्ये कुणाचा भाऊ असेल तर तुम्हालाही तो लहान वाटणार नाही.

आणि शिमगा किती दिवसांचा? बाकी वर्षभर कोकणातलं ठाणं बांध, वहिवाट, सामायिक सातबारा यांत अडकलेलं असतं. चाकरमानी मे महिन्यात येतो, चुलत्याने घातलेलं कुंपण बघतो, बाचाबाची होते, कोयती निघते. ठाण्यात उत्तर तयार: ‘दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा,’ आणि हातात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. पण हाताने मारलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 115 (2), अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. कोयतीने जखम केली तर 118 (1), दखलपात्र. तिथे एनसी चालत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर घ्यायलाच हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 मध्येच सांगितलंय. ही कलमंही 1 जुलै 2024 पासूनची. जुन्या भारतीय दंड संहितेची 323, 324 ज्यांना तोंडपाठ होती त्यांनाही नव्याने अभ्यास करावा लागला. झडती-जप्तीचं चित्रीकरण करणंही आता कायद्यात आलं.

हे बारावीवाल्याला जमणार नाही असं नाही, पण त्याला बसून वाचायला वेळ तरी कुणी देतं का?

पालखीचं म्हणाल, तर जो हवालदार होळीच्या आधी दोन्ही वाड्यांच्या मानकऱ्यांना एकत्र बसवतो, त्याला बहुतेक वेळा काठी उचलावी लागत नाही. तो सातवी शिकलेला असला तरी माझी तक्रार नाही. पण त्याने बैठकीत ठरलेलं लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, नाहीतर त्याची बदली झाली की पुढच्या शिमग्याला पुन्हा पहिल्यापासून.