अपडेटनंतर टीव्हीवर फोल्डर दिसेना, म्हणून ‘एसएमबी १’ चालू करू नका

जळगाव, धुळे, भुसावळकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात तो असा: विंडोजचं नवं अपडेट आल्यापासून टीव्हीच्या बॉक्सवर, कोडी या व्हिडिओ बघायच्या अ‍ॅपमध्ये, घरच्या कॉम्प्युटरचे फोल्डर दिसत नाहीत. लोकांनी पैसे भरून ओटीटी घ्यावं म्हणून कंपनीने घरगुती शेअरिंग मुद्दाम बंद केलं. उपाय म्हणून एसएमबी १ (फाइल शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा, फायरवॉल (नेटवर्कवरून नको ते आत येऊ न देणारी भिंत) बंद करा, कॉम्प्युटरचा पासवर्ड काढून टाका, फोल्डरला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ द्या आणि अपडेट कायमचं थांबवा.

‘टीव्हीवर काही दिखस नई’ ही तक्रार खरी आहे, तिच्याबद्दल वाद नाही. मेसेजमधले उपाय केल्यावर काही घरांत फोल्डर दिसायलाही लागतात, म्हणून तर तो इतका पुढे जातो. पण कारण चुकीचं सांगितलंय आणि उपाय धोक्याचा आहे. आपल्याकडे घरचा कॉम्प्युटर नुसता सिनेमे ठेवायला नसतो. त्याच मशीनवर दुकानाचं टॅली असतं, केळीच्या गाड्यांचा हिशेब असतो, लग्नाचं शूटिंग असतं, आखाजीला बहिणींनी झोक्यावर म्हटलेली गाणी असतात, आजोबांच्या आवाजातलं वहीगायन असतं. यातलं काहीही ओटीटीवर परत मिळणार नाही.

आधी ‘मुद्दाम बंद केलं’ हा आरोप घेऊ. एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची पद्धत. तिचं मूळ १९८३ मधलं, आयबीएममधलं. विंडोज व्हिस्टासोबत तिची दुसरी आवृत्ती आली, २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत तिसरी. पहिल्या आवृत्तीत सुरक्षेची मोठी भोकं होती. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस याच एसएमबी १ मधल्या दोषातून जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांची कामं अडली. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून, नव्याने टाकलेल्या विंडोजमधून एसएमबी १ चा सर्व्हर, म्हणजे फाइल देणारा भाग, काढला गेला, आणि राहिलेला भाग पंधरा दिवस वापरला नाही तर आपोआप निघून जाऊ लागला. दुसरी आणि तिसरी आवृत्ती तशीच चालू राहिली. शेअरिंग आजही फुकट आहे आणि विंडोजच्या होम आवृत्तीतही आहे.

ओटीटी विकण्यासाठी हे केलं असतं, तर लिनक्सवाल्यांनी, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मुक्त सिस्टिम बनवणाऱ्यांनी, तसंच का करावं? लिनक्सवर हेच काम करणारं सांबा हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यांनी २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून एसएमबी १ मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवलं. त्यांना कुणाला काही विकायचं नाही. खुद्द कोडीही फुकट आहे आणि ते ना-नफा संस्थेच्या छत्राखाली चालतं.

आता मुख्य मुद्दा, आणि मेसेज नेमका इथेच घसरतो: ‘फोल्डर दिसत नाही म्हणजे शेअरिंग बंद.’ दिसणं आणि उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी ‘नेटवर्क’वर टिचकी मारली की घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची यादी यायची. ती यादी करणारी जुनी सेवा एसएमबी १ च्या आधारावर चालायची. एसएमबी १ गेलं, तशी ती यादीही गेली. फाइल देण्याचं काम मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीवर व्यवस्थित चालू असतं. कॉम्प्युटर जागेवर आहे, फोल्डर शेअर आहे, फक्त यादीत नाव नाही. यादी बनवण्याची नवी पद्धत कोडीत २०२१ च्या १९ व्या आवृत्तीपासून आली. त्याआधीचं कोडी असेल तर ‘विंडोज नेटवर्क’मध्ये कितीही वेळ शोधा, रिकामंच दिसणार.

म्हणून यादीचा नाद सोडा आणि पत्ता थेट लिहा. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केलं की ‘आयपीव्ही४’समोर १९२.१६८.१.५ असा आकडा दिसतो, तो टिपून घ्या. डी ड्राइव्हवर सिनेमे-व्हिडिओंचं वेगळं फोल्डर करा. सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये जाऊन ‘टीव्ही’ नावाचं नवं साधं लोकल खातं उघडा, त्याला पासवर्ड द्या. नाव आणि पासवर्ड दोन्ही इंग्रजी अक्षरांत ठेवा, रिमोटने टाइप करायला सोपं जातं. मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, शेअर. तिथे हेच खातं निवडून परवानगी फक्त ‘रीड’ ठेवा. आता टीव्हीवर कोडीत ‘अ‍ॅड व्हिडिओज’, ‘ब्राउज’, ‘अ‍ॅड नेटवर्क लोकेशन’. प्रोटोकॉल एसएमबी, सर्व्हरच्या जागी तो आकडा, शेअर्ड फोल्डरच्या जागी फोल्डरचं नाव, खाली खात्याचं नाव आणि पासवर्ड. ओके करा. बहुतेक घरांत प्रश्न इथेच सुटतो.

नाहीच सुटला तर कोडीच्या सेटिंग्ज, सर्व्हिसेस, एसएमबी क्लायंट इथे जा. मॅक्सिमम प्रोटोकॉल व्हर्जन एसएमबी १ वर अडकलेलं असेल तर ते एसएमबी ३ करा. जुने व्हिडिओ बघून कुणीतरी कधीतरी ते खाली आणलेलं असतं आणि नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही. हा पर्याय दिसतच नसेल तर डाव्या कोपऱ्यात खाली दातेरी चक्र आहे, ते दाबून सेटिंग्जची पातळी वाढवा.

पासवर्ड काढण्याचा सल्ला तर उलटाच आहे. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज मूळ सेटिंगमध्ये नेटवर्कवरून आत घेत नाही. म्हणजे पासवर्ड काढला की अडचण वाढते. काही जण त्याऐवजी ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून पाहुणा म्हणून, म्हणजे गेस्टने, आत शिरतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटने प्रो आवृत्तीत ही वाटही अडवली. तिथे आता प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही लागते. ही सही लॉगिनच्या वेळी पासवर्डच्या आधारे बनते. गेस्टला पासवर्ड नाही, म्हणून त्याची सहीही होत नाही. विंडोजच्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवरून असं गेस्टने शिरू पाहिलं तर स्क्रीनवर तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे प्रवेश नाही, अशा अर्थाचा मजकूर येतो. घरात बसलेल्या माणसाला ‘संस्था’ कोणती, हेच कळत नाही. तो मजकूर वाईट लिहिलाय, हे मान्यच करायला हवं. लोक मग फॉरवर्डच्या मागे लागतात, त्यात त्यांचा दोष नाही.

इथेच पिनचाही घोळ होतो. कॉम्प्युटर चार आकडी पिनने उघडतो, म्हणून टीव्हीवरही तोच पिन टाकला जातो. पिन फक्त त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन असेल तर खात्याचा ईमेल आणि त्याचा खरा पासवर्ड लागतो. या भानगडी नकोत म्हणूनच वर वेगळं ‘टीव्ही’ खातं सांगितलं.

फायरवॉल बंद करायची तर गरजच नाही. अपडेटनंतर किंवा राउटर बदलल्यावर विंडोज कधी कधी घरचं वायफाय ‘पब्लिक’ धरतं आणि तिथे शेअरिंग अडवतं. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ते ‘प्रायव्हेट’ करा, झालं. २४एच२ मध्ये नवं फोल्डर शेअर केल्यावर जुने १३७ ते १३९ पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत यायची दारं, आपोआप उघडत नाहीत. त्यामुळे काही वेळा कॉम्प्युटर नावाने सापडत नाही पण आकड्याने सापडतो.

‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ हा सगळ्या मेसेजमधला सर्वात वाईट सल्ला आहे. टीव्हीला व्हिडिओ फक्त वाचायचा असतो. लिहायची, पुसायची परवानगी त्याला लागतच नाही. ती सगळ्यांना दिली की घरातल्या एखाद्या लॅपटॉपमध्ये खंडणीखोर व्हायरस शिरला तर तो नेटवर्कवरून तुमचं शेअर फोल्डरही कुलूपबंद करू शकतो. त्यात हिशेबाचं फोल्डर असेल तर मार्चअखेरीला काय होईल, ते व्यापाऱ्याच्या घरी वेगळं सांगायला नको.

आणि अपडेट कायमचं थांबवण्याबद्दल: वॉनाक्राय १२ मे २०१७ ला पसरला. त्याला अडवणारं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं होतं ती मशीनं वाचली.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट आपल्या भागात फार नडते. उन्हाळ्यात लाईट जाते, राउटर बंद पडून परत चालू होतो आणि कॉम्प्युटरला १९२.१६८.१.५ च्या जागी १९२.१६८.१.७ मिळतं. कोडीत जुनाच पत्ता असतो. योगायोगाने त्याच आठवड्यात अपडेट आलेलं असलं की खापर अपडेटवर फुटतं. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असतं, तिथे कॉम्प्युटरला एक आकडा कायमचा नेमून द्या. शिवाय टीव्ही ‘गेस्ट’ वायफायवर नाही ना, तेही बघा. त्यावरून घरचा कॉम्प्युटर सहसा दिसत नाही.

तुम्ही डीएलएनए वापरत असाल, म्हणजे टीव्हीच्या स्वतःच्या मीडिया अ‍ॅपमध्ये कॉम्प्युटर दिसत असेल, तर एसएमबीशी त्याचा संबंधच नाही. तिथे ‘मीडिया स्ट्रीमिंग’ चालू आहे का आणि नेटवर्क प्रायव्हेट आहे का, एवढंच तपासा. आणि खरोखरच फक्त एसएमबी १ कळणारा जुना बॉक्स असेल, तर त्याला पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क थेट लावा. एका जुन्या बॉक्सपायी सगळा कॉम्प्युटर मागे नेऊ नका.

मेसेज वाचून आधीच सगळं करून बसला असाल तर उलट क्रमाने मागे या. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये एसएमबी १ ची खूण काढून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. फायरवॉल चालू करा, खात्याला पासवर्ड द्या, फोल्डरच्या शेअरिंगमधून ‘एव्हरीवन’ काढा, थांबवलेली अपडेट्स घ्या. राउटरवर कुणी ‘पोर्ट फॉरवर्डिंग’मध्ये ४४५, म्हणजे एसएमबीचा पोर्ट, टाकून ठेवलं असेल, तर ते सगळ्यात आधी काढा, कारण त्याने शेअरिंग थेट इंटरनेटवर उघडं पडतं.