चिखलात गॉगल काढून टाका, हा सल्ला का चुकीचा आहे

पावसाळा तोंडावर आला की डोंगरउतारावर सायकल चालवणाऱ्यांच्या गटांमध्ये एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की चिखलात गॉगल निरुपयोगी ठरतात, कारण आतून वाफ धरते आणि बाहेरून चिखल बसतो. म्हणून ते सरळ काढून टाकावेत आणि पापण्यांवर भरवसा ठेवावा. वापरायचेच असतील तर आतून टूथपेस्ट चोळावी, बाहेरून मोटारीच्या काचेला लावतात ते पाणी न ठरू देणारे द्रव लावावे, चिखल उडाला की हातमोज्याने पुसून घ्यावे आणि रोल-ऑफसारखी (लेन्ससमोर पारदर्शक फीत सरकवणारी) साधने शर्यतपटूंसाठी सोडून द्यावीत. हा संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण त्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य डोळ्यांना किंवा गॉगलला इजा करणारे आहे, आणि नव्याने उतारावर येणारी मुले ते प्रमाण मानतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. (मराठीत गॉगल म्हणजे सर्वसाधारणपणे उन्हाचा चष्मा, इथे मात्र रुंद पट्ट्याने हेल्मेटवर बसणारा, कडेला स्पंज असलेला डाउनहिलचा, म्हणजे डोंगरउतारावरच्या सायकलिंगचा, गॉगल अभिप्रेत आहे.)

सर्वांत आधी पापण्यांचा मुद्दा. सायकल ताशी ४० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर, उतरत असेल तर चाकाच्या कडेचा वेग सायकलच्या तुलनेत तेवढाच असतो आणि टायरपासून सुटलेला चिखलाचा गोळा त्याच वेगाने वर फेकला जातो. पुढच्या चाकाची मागची बाजू वर चढत असते, त्यामुळे तिथून सुटलेला चिखल फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) मधल्या फटीतून थेट स्वाराच्या तोंडाकडे येतो. उतारावर शरीर पुढे झुकलेले असताना टायर आणि चेहरा यांत जेमतेम एक मीटर अंतर उरते. हे अंतर कापायला त्या गोळ्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि दचकून पापणी मिटायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे पापणीला ही शर्यत फार तर बरोबरीत सोडवता येते, तीही गोळा येताना दिसला तर.

तीन वर्षांपूर्वी मुळशीकडच्या एका उतारावर मी स्वतः हा सल्ला मानला होता. गॉगल धुरकट झाला म्हणून तो हनुवटीखाली ओढला आणि पुढच्या दोन वळणांतच उजव्या डोळ्यात कण गेला. मी थांबलो आणि, करू नये तेच केले, म्हणजे डोळा चोळला. संध्याकाळी डॉक्टरांनी वरची पापणी उलटवून, खाली अडकलेला मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा काळा खडा काढला, तेव्हा बुबुळावर उभे ओरखडे उठलेले होते. पापणी प्रत्येक वेळी उघडता-मिटताना तोच खडा ओढत होती. पाच दिवस उजेड सहन होत नव्हता.

माझे नुकसान ओरखड्यांवर भागले, पण दर वेळी तसे भागत नाही. शेतात काम करताना डोळ्याला पात किंवा काडी लागून बुबुळाला बुरशीचा संसर्ग होणे हे आपल्या देशात डोळा अधू होण्याचे एक परिचित कारण आहे, आणि फ्युझेरियम, अस्परजिलस यांसारख्या या बुरशी मातीत आणि कुजक्या पाचोळ्यात असतात. पावसाळी पायवाटेवरचा चिखल म्हणजे माती, पाचोळा आणि गुरांचे शेण यांचे मिश्रणच असते. त्यात ज्यांच्या डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स आहेत त्यांना साचलेल्या पाण्यातल्या अकँथमीबा या सूक्ष्मजीवाचा वेगळा धोका असतो. डोळ्यात चिखल गेलाच तर बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावा, चोळू नये, आणि घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून कधीही घालू नयेत, कारण बुरशीचा संसर्ग असेल तर ते थेंब तो वाढवतात.

शर्यतपटूंचा दाखला या संदेशात नेहमी असतो: मोठे खेळाडूही चिखलात गॉगल भिरकावून देतात. काही दिसेनासे झाल्यावर शेवटच्या टप्प्यात तसे करणारे खेळाडू आहेत, हे खरे. पण त्यांची शर्यत किती वेळाची असते तेही पाहायला हवे. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधील शाँपेरी येथे भर पावसात झालेले डाउनहिलचे जागतिक अजिंक्यपद ब्रिटनच्या डॅनी हार्टने ११.६९९ सेकंदांच्या विलक्षण फरकाने जिंकले, आणि ती संपूर्ण उतरण चार मिनिटांच्या आत संपली होती. मार्ग दोरीने आखलेला, अनेकदा सराव केलेला, कडेला वैद्यकीय पथक उभे. आपण रविवारी सकाळी सहाला निघून दुपारपर्यंत उतरतो-चढतो, समोरून गुराखी किंवा ट्रेकर येऊ शकतो आणि जवळचा दवाखाना तासाभराच्या अंतरावर असतो. चार मिनिटांसाठी पत्करलेली जोखीम अर्ध्या दिवसासाठी लागू पडत नाही.

आता वाफ आणि टूथपेस्ट. संदेशाची मुळातली चूक इथे आहे, कारण आतली वाफ आणि बाहेरचा चिखल या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांचे उपाय जवळजवळ उलटे आहेत. चेहऱ्याजवळची घामाने आणि श्वासाने ओली झालेली गरम हवा गॉगलच्या तुलनेने गार असलेल्या लेन्सला, म्हणजे समोरच्या पारदर्शक पडद्याला, टेकते आणि तिच्यातले पाणी बारीक थेंबांच्या रूपाने बसते. हे थेंब प्रकाश विखुरतात, म्हणून समोरचे पांढरे दिसते. चांगल्या गॉगलच्या आतल्या बाजूस असलेला वाफरोधक थर पाणी झटकत नाही, उलट ते ओढून घेतो आणि पातळ, सपाट पडद्यासारखे पसरवतो, ज्यातून आरपार दिसते. साबणाचा हातही काही मिनिटे हेच काम करतो, म्हणूनच असे घरगुती उपाय पहिल्या दिवशी यशस्वी झाल्यासारखे वाटतात.

टूथपेस्टचा उपाय आला पाणबुड्यांकडून, असे मला वाटते. पाण्याखाली वापरण्याच्या नव्या मुखवट्याची काच खरोखरची काच असते, आणि तिच्यावर कारखान्यातून आलेला सिलिकॉनचा चिकट थर घासून काढायला टूथपेस्ट उपयोगी पडते. आपल्या गॉगलची लेन्स काचेची नसून पॉलीकार्बोनेटसारख्या प्लास्टिकची असते. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठीच सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड घातलेली असते. ती दाताच्या कवचाला झेपते, पण ओला झाल्यावर साईसारखा मऊ पडणारा वाफरोधक थर तिच्यापुढे टिकत नाही. माझ्या एका सोबत्याने गेल्या जूनमध्ये हा प्रयोग केला. त्याची लेन्स मी खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहिली, तेव्हा बोट गोल फिरवल्याच्या खुणा, पितळी ताटावर घासणीच्या दिसतात तशा, एकात एक गुंतलेल्या स्पष्ट दिसत होत्या. त्या लेन्सवर आता इतर सर्वांच्या आधी वाफ धरते. शिवाय घामाबरोबर ती पेस्ट ओघळून डोळ्यात उतरते ते वेगळेच.

वाफेवर खरा उपाय हवा खेळती ठेवण्याचा आहे. आपल्याकडे एक शंका लगेच विचारली जाते, की सह्याद्रीत जुलैची हवाच पाण्याने भरलेली असते, तिथे हवा खेळून काय होणार? होते. बाहेरची हवा २२ अंशांवर पूर्ण ओली असली तरी गॉगलच्या आत शिरून ३० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे तिच्यात आणखी पाणी सामावून घेण्याची जागा तयार होते. अट एवढीच की ती हवा फिरती राहिली पाहिजे. म्हणून चढावर गॉगल डोळ्यांवर नको, आणि कपाळावर किंवा हेल्मेटवर चढवूनही नको, कारण डोक्याची सगळी वाफ तिथूनच वर जाते. तो कोरड्या पिशवीत ठेवावा, माथ्यावर पोहोचल्यावर श्वास खाली बसू द्यावा आणि उतरायच्या अर्धा मिनिट आधीच लावावा. दुहेरी लेन्स घेणे परवडत असेल तर जरूर घ्यावी, कारण दोन थरांमधली हवा आतली लेन्स गार पडू देत नाही. आणि वाफ धरलीच, तर आतून पुसू नये. मऊ, स्वच्छ फडके नुसते टेकवून पाणी टिपून घ्यावे.

बाहेरच्या द्रवाविषयी थोडक्यात सांगतो. स्वच्छ पावसात आणि वेग असताना पाणी थेंबाथेंबाने निसटते, एवढे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. पण मोटारीच्या काचेसाठी बनवलेल्या अनेक द्रवांतले विद्रावक प्लास्टिकला मानवत नाहीत, आणि काळ्या मातीच्या चिकणगोळ्यापुढे हे द्रव काहीच करू शकत नाही. प्लास्टिकसाठी वेगळे बनवलेले मिळते. ते वापरायला हरकत नाही.

हातमोज्याने पुसण्याचा सल्ला मात्र मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो इतका स्वाभाविक वाटतो की हात आपसूक वर जातो. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या मातीत क्वार्ट्झ कमी असते, म्हणून ती मऊ आहे असा युक्तिवाद मी ऐकला आहे. पण बेसाल्टमधली फेल्स्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजेसुद्धा लेन्सच्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण असतात, आणि कोकणच्या जांभ्याचे लाल कण तर हातमोज्याच्या विणीत दिवसभर रुतून बसतात. असा मोजा लेन्सवरून ओढणे म्हणजे पॉलिशपेपर ओढणे. चिखलाचा पातळ पडदा एका फटकाऱ्यात संपूर्ण लेन्सभर सारवला जातो, आणि आधी ज्या दोन-तीन स्वच्छ खिडक्यांतून वाट दिसत होती त्याही बंद होतात. पुसण्याची वेळ आलीच तर थांबावे, बाटलीने पाण्याची धार मारून कण वाहून जाऊ द्यावेत, आणि मग हवे तर फडके टेकवावे.

शर्यतपटूंची साधने म्हणून ज्यांना बाजूला सारले जाते त्यांत दोन प्रकार आहेत आणि ते सारखे नाहीत. टीअर-ऑफ म्हणजे लेन्सवर एकावर एक लावलेले पातळ प्लास्टिकचे पापुद्रे. एक मळला की ओढून फेकायचा. ते फेकले जातात हाच त्यांच्यावरचा आक्षेप आहे, आणि यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या) डाउनहिल शर्यतींत आता त्यांना मनाई आहे. ज्या रानात गुरे चरतात तिथे आपण ते वापरता कामा नये, याबाबतीत मी संदेशाशी सहमत आहे. रोल-ऑफची गोष्ट वेगळी. लेन्सच्या एका बाजूच्या डबीतली पारदर्शक फीत दोरी ओढली की दुसऱ्या बाजूच्या डबीत गुंडाळली जाते आणि डोळ्यांसमोर नवा, स्वच्छ तुकडा येतो. बाहेर काहीही पडत नाही. त्यात एक उणीव आहे: फितीच्या मागे पाणी शिरले की फीत लेन्सला चिकटते आणि दोरी ओढूनही हलत नाही. त्यासाठी लेन्सच्या वरच्या कडेला प्लास्टिकची छोटी झडप लावतात, तिला पुष्कळजण अनावश्यक समजून काढून टाकतात, आणि मग रोल-ऑफ चालत नाही अशी तक्रार करतात. दोरी सरळ पट्ट्यातच ओढावी, वळणात शिरताना दोन्ही हात हँडलवर हवेत.

ज्याला रोल-ऑफ परवडत नाही त्याचेही काही अडत नाही, आणि या संदेशात जे मुळीच नाही ते इथे सांगितले पाहिजे. फोर्कच्या कमानीला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधायचे हातभरही लांब नसलेले मडगार्ड, वर सांगितलेल्या त्याच फटीवर बसते आणि तोंडाकडे येणारा बहुतेक चिखल चाकापाशीच अडवते. जुन्या प्लास्टिकच्या डब्याचा तुकडा कापूनही ते बनवता येते. माझे दोन पावसाळे तसेच गेले. हेल्मेटचा व्हायझर उतरणीला दोन बोटे खाली घ्यावा, म्हणजे वरून पडणारे पाणी आणि पुढच्या स्वाराने उडवलेला चिखल आधी त्याच्यावर आदळतो. लेन्स रंगहीन किंवा फिकट पिवळी ठेवावी. ढगाळ हवेत, झाडीखाली, गडद लेन्समधून ओले मूळ आणि ओला दगड सारखेच दिसतात.

घरी आल्यावर गॉगल नळाच्या संथ धारेखाली धरावा, बोट न लावता माती सुटू द्यावी आणि पंख्याखाली सावलीत वाळवावा. स्पंज दिसायला कोरडा वाटला तरी दाबून पाहावा, कारण आपल्या पावसाळी हवेत तो दोन-दोन दिवस आतून ओला राहतो, आणि दुसऱ्या दिवशी माथ्यावर पोहोचण्याआधीच त्या ओलाव्यातून लेन्सवर वाफ धरू लागते.