नाटोचा खरा कणा कलम 5 नव्हे

नाटोची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा कलम 5 वर येऊन थांबते: एका सदस्यावरचा हल्ला म्हणजे सर्वांवरचा हल्ला. हे कलम आजवर एकदाच, अमेरिकेवरील 2001 च्या दहशतवादी हल्ल्यानंतर, लागू झाले. माझ्या मते या आघाडीचा कणा आहे तो चार वर्षांच्या संरक्षण नियोजनाच्या चक्रात, आणि त्याविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही याची मला खंत वाटते.

आधी सदस्य देश कोणत्या संकटांना तोंड देण्याची तयारी हवी ते ठरवतात. मग त्यासाठी किती ब्रिगेड, किती हवाई संरक्षण, हवेत इंधन भरणारी किती विमाने लागतील याचा हिशेब मांडला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या ऐपतीप्रमाणे उद्दिष्टे येतात. यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. नाटोत एरवी निर्णय सर्वसंमतीने होतात. पण उद्दिष्टे ठरताना बाकी सगळ्यांचे एकमत असेल, तर कोणत्याही देशाला एकट्याने स्वतःचा वाटा अडवून धरता येत नाही. सार्वभौम राष्ट्रांनी आपणहून असे बंधन पत्करणे ही लहान गोष्ट नव्हे. उद्दिष्ट चुकल्यास शिक्षा मात्र नाही. सहकाऱ्यांसमोर होणाऱ्या आढाव्याची काय ती भीड.

मी वाशीत राहतो आणि माझी नोकरी न्हावा-शेवा बंदराशी निगडित आहे. हॅम्बुर्गला भरलेला कंटेनर इथल्या ट्रेलरवर ठेवला की त्याचे चारही कोपरे लॉकवर बिनचूक बसतात, कारण ती मापे जगाने आधीच ठरवली आहेत. मित्रराष्ट्रांच्या तोफा 155 मिलिमीटरच्या असल्या, तरी एकाचा गोळा दुसऱ्याच्या तोफेत चालेलच असे नाही, हे युक्रेनच्या युद्धात उघडे पडले. समान मानकांचे करार होऊनही प्रत्येक देश आपापले कारखाने सांभाळत बसला, तर दुसरे काय होणार?

म्हणूनच जून 2025 मध्ये हेगच्या परिषदेत ठरलेल्या, 2035 पर्यंत जीडीपीच्या 5 टक्के खर्चाच्या गाजलेल्या आकड्यापेक्षा, त्याच महिन्यात संरक्षणमंत्र्यांनी मान्य केलेली नवी उद्दिष्टे मला अधिक महत्त्वाची वाटतात. फिनलंड 2023 मध्ये आणि स्वीडन 2024 मध्ये सदस्य झाले. पण 1994 पासून भागीदार म्हणून त्यांनी आपली सैन्ये नाटोच्या मानकांशी जुळवत आणली होती, त्यामुळे प्रवेशाच्या दिवशी लष्करी जुळणीचे बरेचसे काम आधीच झालेले होते.