चाहूल नव्हे, जाणीव

मरणावर गाणी करून पुढे खरंच गेलेल्या गायकांवरचा लेख आवडला, पण 'त्यांना मृत्यूची चाहूल लागली होती' हा सूर पटला नाही. ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीला कर्करोग झाल्याचं ठाऊक होतं. त्याचा शेवटचा अल्बम 'ब्लॅकस्टार' ८ जानेवारी २०१६ ला, त्याच्या ६९ व्या वाढदिवशी आला आणि १० तारखेला तो गेला. यात गूढ काही नाही, आहे ती जिद्द.

अमेरिकन गायक-गीतकार वॉरन झेवॉनचा उल्लेख मात्र हवाच होता. हा माणूस धडधाकट असल्यापासून मरणावर लिहायचा. मे २००२ च्या 'माय राइड्ज हिअर' या अल्बमच्या मुखपृष्ठावर तर तो शववाहिकेच्या खिडकीतून बाहेर बघतोय! ऑगस्टच्या अखेरीस निदान झालं: मेसोथेलिओमा, फुप्फुसांच्या आवरणाचा कर्करोग. डॉक्टरांनी जेमतेम तीन महिने दिले होते. वीस वर्षं तो डॉक्टरकडे फिरकलाच नव्हता. त्याला चाहूल लागली असती तर तपासून घ्यायला गेला नसता का?

उरलेल्या काळात त्याने 'द विंड' हा अल्बम केला. 'कीप मी इन युअर हार्ट' या शेवटच्या गाण्यात मरणाची मस्करी नाही, तत्त्वज्ञान नाही. घरातल्या रोजच्या साध्यासुध्या कामांत अधूनमधून माझी आठवण काढ, एवढंच मागणं. मला ते दरवेळी हलवून सोडतं. अल्बम २६ ऑगस्ट २००३ ला आला, ७ सप्टेंबरला तो गेला. जुळ्या नातवांचं तोंड मात्र त्याने पाहिलं.

आधी २००२ चा अल्बम ऐका, मग हा. निदानाआधीचं मरण आणि नंतरचं मरण यांतला फरक तुम्हालाही जाणवतो का, जरूर लिहा.