क्रिंप आणखी आवळू का? ९ मिमीला नको!

नमस्कार,

काडतुसं घरी भरण्यावरच्या माझ्या लेखावर, ‘गोळी केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) मागे सरकत असेल तर क्रिंप (केसच्या तोंडाचा गोळीभोवतीचा दाब) आवळायचा, प्रश्न मिटतो, मी .३५७ मॅग्नम (रिव्हॉल्व्हरचं काडतूस) वर्षानुवर्षं असंच भरतोय, तुम्ही उगाच घाबरवताय,’ असं तुम्ही लिहिलंय. .३५७ पुरतं तुमचं बरोबरच आहे. पण माझा लेख ९ मिमी ल्युगर या पिस्तुलाच्या काडतुसावर होता, आणि तिथे हाच उपाय अंगाशी येतो.

तुमचं काडतूस मागच्या रिमवर (बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर) टेकतं, म्हणून केसचं तोंड गोळीच्या खाचेत वळवलं तरी बिघडत नाही. ९ मिमीचं काडतूस चेंबरमध्ये (बॅरलमधल्या काडतुसाच्या जागेत) तोंडाच्या काठावरच टेकतं. तो काठ आत वळवल्यावर टेकणार कशावर? शिवाय दाबलेलं पितळ थोडं परत उसळतं, शिसं उसळत नाही. गोळी बारीक होते आणि पकड उलट सैल पडते. मीही सुरुवातीला हे उद्योग केलेत. पुलर हातोडीने (ठोकून गोळी उपसायच्या अवजाराने) गोळी बाहेर काढली, तर तिच्या कमरेला करगोटा काचल्यासारखा वळ! मागे सरकलेल्या गोळीने दाब किती वाढतो हे तुम्हाला सांगायला नको.

पकड येते ती सायझिंग डायमुळे, म्हणजे केस दाबून मापात आणणाऱ्या साच्यामुळे. एक्स्पांडरने (तोंड रुंदावणाऱ्या अवजाराने) तोंड गोळी बसण्यापुरतंच उघडायचं, आणि टेपर क्रिंपने (काठ आत न वळवणाऱ्या निमुळत्या क्रिंपने) ते उघडलेलं तोंड फक्त सरळ करायचं. मी काठाचा बाहेरचा व्यास .३७८ इंच ठेवतो, कमाल मर्यादा .३८० आहे.

लेखातलं ‘डाय पाव फेरा फिरवा’ हे मोघम आहे, ही तुमची तक्रार मात्र मान्य. डायला इंचात १४ आटे, म्हणजे पाव फेऱ्यात डाय जवळजवळ अर्धा मिमी खाली येते. क्रिंपसाठी हे फार झालं. लेखात दुरुस्ती करतो.

काडतूस अडकतं कुठे हे कळत नसेल, तर ते मार्करने काळं करा, पिस्तुलातून काढलेल्या बॅरलमध्ये टाका, जरा फिरवून बाहेर काढा. शाई गोळीवर खरवडली असेल तर लांबी जास्त, तोंडाशी असेल तर क्रिंप कमी, बुडाशी असेल तर सायझिंग डाय पुरेशी खाली आलेली नाही. बरोबर भरलेलं काडतूस टप्पकन आत पडतं आणि बॅरल उलटी केली की आपणहून बाहेर येतं.

(पुण्याहून विचारणाऱ्यांसाठी: मी टेक्सासात राहतो. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे.)

आणि हो, तुमच्या .३५७ च्या डायला हात लावू नका, ती आहे तशीच राहू द्या.